स्वयंचलित मेट्रो वीज वाचवते, ती नेमकी कुठे?

प्रश्न फोंड्याच्या एका विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा आहे. पुण्याला मावशीकडे गेला होता, तेव्हा मेट्रोने बराच फिरला. गाडी स्टेशन सोडताच जोर धरते, थोड्या वेळाने मोटारींचा आवाज एकदम थांबतो, गाडी तशीच पळत राहते आणि मग ब्रेक लागतो, हे त्याने टिपलं. त्याचं विचारणं असं: ब्रेक लावल्यावर वीज तारेत परत जातेच, तर मोटारी मध्येच बंद करून काय साधतं? हे काम यंत्रणेकडे का दिलं, मोटरमनला ते जमत नाही का? आणि ज्याचं नाव हल्ली सारखं कानावर येतं ते ‘कवच’ म्हणजे हेच का, गोव्यातल्या रुळांवर यातलं काय उपयोगी पडेल?

माझी नोकरी सिग्नल खात्यातली. पुढची बरीच वर्षं मेट्रोच्या चाचण्यांत गेली, त्यामुळे ट्रॅक्शनवाल्यांच्या, म्हणजे गाडीच्या मोटारी आणि वीज सांभाळणाऱ्यांच्या, शेजारी बसून त्यांचेही आलेख रोज पाहावे लागले. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो. वीज वाचते ती वेळापत्रकात राखून ठेवलेल्या सेकंदांमुळे. यंत्रणेचं काम त्या सेकंदांचा हिशेब दर दोन स्टेशनांमध्ये, दिवसभर, न कंटाळता ठेवण्याचं.

आता आकडे मांडू. सहा डब्यांची गाडी धरा, प्रवाशांसह वजन ३०० टन. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. गतिज ऊर्जेचं सूत्र लावलं की ७४ मेगाजूल येतात, म्हणजे आपल्या वीजबिलातली साधारण २०.६ युनिट. तीच गाडी ७० वर ठेवली तर १५.८ युनिट. वेग साडेबारा टक्के उतरला, ऊर्जा तेवीस टक्क्यांहून जास्त उतरली. वेळ किती वाढला? दोन स्टेशनांत १.२ किलोमीटर अंतर आणि वेग घेण्याचा-सोडण्याचा दर सेकंदाला सेकंदी एक मीटर धरला, तर ८० च्या कमाल वेगाने ७६ सेकंद लागतात आणि ७० च्या वेगाने ८१. सगळा व्यवहार पाच सेकंदांचा आहे.

तुम्ही ऐकलेली ती शांतता, म्हणजे कोस्टिंग, याच पाच सेकंदांवर चालते. गाडी ७२ पर्यंत नेली आणि मोटारी बंद केल्या तर ती जवळपास ८२ सेकंदांत पुढचं स्टेशन गाठते, आणि ब्रेक लागण्याच्या वेळी तिचा वेग ६६ च्या आसपास आलेला असतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक इतकं हलकं फिरतं की सपाट मार्गावर वीस सेकंद मोटारी बंद ठेवल्या तरी ताशी तीनेक किलोमीटरच कमी होतात. म्हणून नुसत्या मोटारी बंद करण्याने फार काही साधत नाही. त्या किती वेगाला बंद केल्या, त्यावर खरी बचत ठरते. पर्वरीच्या उतारावर खालचा सिग्नल लाल दिसला की जाणता स्कूटरवाला वरूनच ॲक्सिलरेटर सोडतो, तसं हे आहे. फक्त इथे सिग्नलच्या जागी घड्याळ असतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, आणि तो फार चांगला आहे. वीज परत मिळतेच, मग ही काटकसर कशाला? कारण वीज दोन वेळा त्याच साखळीतून जाते. जाताना ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर, मोटार, गिअर. येताना तेच उलट क्रमाने. एका बाजूची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर २०.६ युनिट चाकांत भरायला तारेतून २४ युनिट घ्यावी लागतात, आणि सगळं सुरळीत झालं तरी परत मिळतात साडेसतरा. म्हणजे उत्तम परिस्थितीतही दर थांब्याला साडेसहा-पावणेसात युनिट हवेत जातात. ७० वर समाधान मानलं तर चाकांतली जवळपास पाच युनिट वाचतात, पण निव्वळ बचत दीड युनिटाच्या जराशी वर, कारण उरलेली एरवीही परत आलीच असती. ब्रेकची वीज घ्यायला कोणी नसेल तर हीच बचत साडेपाच युनिटांच्या वर जाते. लक्षात घ्या, पुनर्निर्मिती, म्हणजे ब्रेकमधून वीज परत मिळवणं, जितकी चांगली, तितकी कोस्टिंगची किंमत कमी. या दोन बचती एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्यांची टक्केवारी वेगवेगळी काढून बेरीज करणारे अहवाल मी पाहिले आहेत. ती बेरीज चुकीची असते.

‘घ्यायला कोणी नसेल तर’ हे काय प्रकरण आहे, ते एका रात्री फार जवळून पाहिलं. ७५० व्होल्ट डीसीचा मार्ग, चाचणी संपवून आमची एकच गाडी डेपोकडे परतत होती. पुढेमागे दुसरी गाडी नाही. केबिनमध्ये माझी नजर व्होल्टमीटरवर होती. ब्रेक लागला तसा काटा चढू लागला: ८००, ८५०, ९०० च्या काठावर गेला आणि तिथे अडला. त्याच क्षणी छतावरून घुमल्यासारखा आवाज आला. ब्रेकच्या रोधकांचे, म्हणजे नको असलेली वीज उष्णतेत घालवणाऱ्या भागांचे, पंखे चालू झाले होते. स्टेशनवर उतरलो तर गाडीच्या वरून भट्टीसारखी गरम हवा फलाटावर येत होती. ती सगळी आम्हीच आधी तारेतून घेतलेली वीज होती. डीसी सबस्टेशनात साधे डायोड असतील तर वीज तिथून ग्रिडकडे उलटी जाऊ शकत नाही. त्याच क्षणी जवळपास दुसरी गाडी वेग घेत असली तरच ती कामी येते, नाहीतर रोधकांत जळते. यावर उपाय आहेत: सबस्टेशनात इन्व्हर्टर बसवणं, सुपरकपॅसिटर, फिरतं जड चाक. सगळेच खर्चिक.

पुण्याच्या पहिल्या दोन मार्गांवर, नागपुरात आणि मुंबईच्या घाटकोपर-वर्सोवा मार्गावर २५ हजार व्होल्टची एसी तार आहे. तिथे ग्रिड कायम हजर असतं, वीज ट्रान्सफॉर्मरमधून मागे जाऊ शकते. परत गेलेल्या युनिटांचे पैसे वीज कंपनी बिलातून वळते करते की नाही, तो करारातला मुद्दा असतो. अभियंत्याने तो वाचलेला असावा. दिल्ली मेट्रोचा ब्रेकमधून वीज परत मिळवण्याचा प्रकल्प २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदला गेला, रेल्वेचा जगातला तसा पहिलाच. बंगळूरु आणि कोलकात्यात ७५० व्होल्टची तिसरी रूळपट्टी आहे. तिथे वेळापत्रक आखणाऱ्याच्या हातात वीजखर्चाची किल्ली जास्त असते: समोरासमोरच्या दोन मार्गांवर एक गाडी थांबतेय आणि दुसरी सुटतेय, असं जुळवून आणलं की पहिलीची वीज दुसरीला मिळते. कागदावर हे सुरेख जुळतं. प्रत्यक्षात ब्रेक पंधरा-वीस सेकंदांचा असतो आणि एखाद्या प्रवाशाने दारात बॅग अडकवली की जुळणी गेली.

इथून गर्दीच्या आणि निवांत वेळेचा फरक समोर येतो. गर्दीत गाड्या दाट असतात, एकीची वीज दुसरी उचलते, म्हणून कोस्टिंगचा फायदा कमी. दुपारी किंवा रात्री उशिरा गाड्या विरळ, वीज घ्यायला कोणी नसतं, तेव्हा कोस्टिंगचं मोल सर्वांत जास्त. आणि नेमके त्याच वेळी सेकंदही हाताशी असतात.

सेकंद फुकट मिळत नाहीत, हे वीज वाचवायला निघालेले बरेच जण विसरतात. पंधरा टप्प्यांचा मार्ग धरा. प्रत्येक टप्प्यात पाच सेकंद वाढवले तर जाऊन-येऊन अडीच मिनिटं होतात. पूर्ण फेरी ६० मिनिटांची आणि दर पाच मिनिटांनी गाडी असेल, तर आधी बारा गाड्यांत भागत होतं. आता साडेबारा लागतात, म्हणजे तेरावी गाडी काढावी लागते. एका जादा गाडीची किंमत, तिची देखभाल, तिचा एसी, तिच्यावरचे कर्मचारी यांपुढे वाचलेली वीज टिकत नाही. म्हणून गर्दीच्या वेळी गाडी पूर्ण जोरात पळवायची आणि निवांत वेळी सेकंद खर्चायचे, हा व्यवहाराचा नियम. शेवटच्या स्टेशनवर गाडी उलटी फिरताना मिळणाऱ्या वेळेत थोडी फट असेल तर ती आधी वापरावी.

आता दुसरा प्रश्न, मोटरमनला हे का जमत नाही. जमतं. मुंबईच्या लोकलचे जुने मोटरमन मी पाहिले आहेत. कुठे हँडल सोडायचं हे त्यांना पुलावरून, झाडावरून कळतं. पण दहा मोटरमन दहा तऱ्हेने चालवतात, आणि त्यांच्यातल्या कोणाला माहीत नसतं की पुढची गाडी आत्ता किती उशिरा आहे. ते फक्त नियंत्रण कक्षाला माहीत असतं. स्वयंचलित नियंत्रणाचे तीन थर यासाठीच आहेत. एटीएस, म्हणजे देखरेख, सगळ्या मार्गाकडे बघतं, कोणती गाडी कधी सुटायची आणि कधी पोचायची ते ठरवतं. एटीओ गाडी चालवतं. एटीएसने ‘८२ सेकंद आहेत’ असं कळवलं तर ते कोस्टिंगचा नमुना निवडतं, ‘उशीर झालाय, ७६ मध्ये पोच’ म्हटलं तर पूर्ण जोराचा. तिसरा थर एटीपी, म्हणजे संरक्षण.

एटीपीला विजेशी काही देणंघेणं नाही आणि नसावंही. त्याच्या हिशेबात रूळ ओला आहे, काही ब्रेक निकामी आहेत, उतार आहे, आदेश पोचायला उशीर झालाय. असं सगळं वाईटच धरून त्याने ब्रेकची एक वक्ररेषा आखलेली असते. ती रेषा ओलांडली जाणार असं दिसलं की एटीओ काय म्हणतंय हे न विचारता तो आपत्कालीन ब्रेक लावतो. वीज वाचवण्याची कितीही हुशार युक्ती असो, तिला एटीपीच्या हद्दीत पाय ठेवायची मुभा नाही. चाचणीच्या वेळी ट्रॅक्शनवाले कधी कधी म्हणत, ही रेषा जरा ढिली करा, ब्रेक थोडा उशिरा लागू दे. तिथे सिग्नलवाल्याने हलायचं नसतं, आणि हे मी प्रत्येक नव्या अभियंत्याला सांगत आलो आहे.

लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ मध्ये याच पद्धतीने सुरू झाली. चालक दारं बंद करून दोन बटणं एकदम दाबी, पुढचं गाडी करी. तिथली स्टेशनं मुद्दाम थोडी उंचवट्यावर आहेत: गाडी चढावर येताना आपोआप मंदावते, सुटताना उतारावर आपोआप वेग घेते. आपल्या ३०० टनांच्या गाडीला तीन मीटरचा उंचवटा दर थांब्याला अडीच युनिटांच्या जवळपास ऊर्जा सांभाळून ठेवतो, तेही कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय. भुयारी मार्ग आखताना ही संधी एकदाच मिळते. पुण्या-नागपुरात चालक केबिनमध्ये असतो. दिल्लीच्या मॅजेंटा लाइनवर डिसेंबर २०२० मध्ये विनाचालक गाडी सुरू झाली, देशातली पहिली. विजेच्या हिशेबात मात्र चालक आत आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही. एटीओ आहे की नाही याने पडतो.

रेडिओवर चालणाऱ्या सीबीटीसी या सिग्नल यंत्रणेचा एक फायदा प्रवाशांना जाणवतो, पण त्यामागची वीज दिसत नाही. जुन्या सिग्नलवर पुढचा फलाट रिकामा नसेल तर मागची गाडी स्टेशनबाहेर येऊन उभी राहते. मग ती पुन्हा उचलायची म्हणजे पुन्हा तेवढी सगळी ऊर्जा भरायची. सीबीटीसीत पुढची गाडी नेमकी कुठे आहे हे सतत कळतं, त्यामुळे मागचीला अर्धा किलोमीटर आधीच हळू करता येतं आणि फलाट मोकळा होईतो ती न थांबता पोचते. गर्दीच्या वेळी कोस्टिंगपेक्षा ही बचत मोठी ठरते. तसंच, वीज जाऊन परत आली आणि दहा गाड्या एकदम सुटल्या तर त्यांची कमाल मागणी उसळते, फीडर ट्रिप होतो आणि बिलात दंड लागतो. वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत काम केलेल्यांना हा दंड चांगला ठाऊक आहे. एटीएस गाड्या काही सेकंदांच्या अंतराने सोडून हे टाळतं.

गोव्याचा विचार करताना एसी विसरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत एसीचा बराच जोर हवा थंड करण्यापेक्षा तिच्यातलं पाणी काढण्यात जातो, आणि हा भार गाडी उभी असतानाही चालू असतो. प्रत्येक स्टेशनवर दारं उघडली की बाहेरची बाष्पभरली हवा आत येते. डब्यातला कार्बन डायऑक्साइड मोजून तेवढीच ताजी हवा आत घेणं आणि दारं गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी न ठेवणं, हे दोन साधे उपाय किनारपट्टीवर कोरड्या शहरांपेक्षा जास्त कामाचे आहेत.

‘कवच’ म्हणजे एटीपी. रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेने ते विकसित केलं आणि २०२० मध्ये ते राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारलं गेलं. लाल सिग्नल ओलांडला जाणार असेल तर ते ब्रेक लावतं. गाडी चालवत नाही, वीज वाचवत नाही. त्याआधी कोकण रेल्वेने टक्करविरोधी उपकरण बनवलं होतं, त्याचं नावही ‘रक्षा कवच’ होतं, म्हणून आपल्याकडे लोकांचा गोंधळ होतो. ते उपग्रहावरून स्वतःची जागा ओळखायचं, आणि शेजारच्या दोन रुळांपैकी आपण नेमके कुठल्या रुळावर आहोत हे खात्रीने सांगणं ही त्या पद्धतीची अडचण होती. नव्या कवचात रुळांवरच आरएफआयडी टॅग बसवलेले असतात, त्यामुळे तो प्रश्न सुटतो. मडगावला स्कायबसचा, म्हणजे उंच रुळांखाली लटकत धावणाऱ्या गाडीचा, चाचणीमार्ग ज्यांनी पाहिलाय त्यांना सप्टेंबर २००४ चा अपघात आठवत असेल. त्यात एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि पुढे २०१३ मध्ये तो मार्गच उतरवला गेला. संरक्षणाचा थर पक्का होईतो दुसऱ्या कशालाही घाई करू नये, असं मी म्हणतो त्यामागे अशा घटना आहेत.

मेट्रो नसली तरी गोव्यात करण्यासारखं बरंच आहे. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, पण गोव्यातून जाणारा मार्ग एकेरी आहे. १,२०० टनांची गाडी ताशी १०० किलोमीटरने येतेय आणि क्रॉसिंगसाठी तिला अचानक लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, थांबवलं, तर सुमारे १२८ युनिटांची गतिज ऊर्जा एका थांब्यात रिकामी होते. थ्री-फेज इंजिन त्यातली काही परत देतं, बाकी गेली. इथे एटीओची गरज नाही. थिवी किंवा करमळीला समोरची गाडी किती वाजता पोचणार हे लोको पायलटला आधी कळवणारी सल्लागार यंत्रणा पुरे: ‘९० च्या ऐवजी ७० ने या, लूप तोवर मोकळी होईल.’ गाडी थांबलीच नाही तर वीजही वाचली आणि वेळही. मी कोणाला सल्ला देण्याच्या जागी असतो तर गोव्यात पहिला रुपया इथे घातला असता.

पावसाळ्याचा धडा मात्र कोकण रेल्वेनेच मेट्रोवाल्यांना द्यावा. इथे पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, वेग उतरवलेले असतात, हे आपल्याला सवयीचं आहे. मेट्रोतही रूळ ओला झाला की एटीओला सौम्य ब्रेकच्या पद्धतीवर जावं लागतं, कारण चाक घसरलं की विजेचा ब्रेक कमी होतो, हवेचा ब्रेक पुढे येतो आणि परत मिळणारी वीज घटते. सौम्य आणि लांब ब्रेक लावला तर चाकही घसरत नाही आणि जवळजवळ सगळा ब्रेक विजेचाच राहतो. त्यासाठी वेळापत्रकात आधीच चार-पाच सेकंद हवेत. पावसाचं वेगळं वेळापत्रक नसलेली शहरी रेल्वे जूनमध्ये एकतर उशिरा धावते, नाहीतर वीज उधळते.

कुळे ते कॅसलरॉक घाटाचा चढ १:३७ आहे, वर जाताना मालगाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. असा घाट उतरताना १,००० टनांची गाडी दर १०० मीटर उंचीला २७२ युनिट सोडते. घर्षणात त्यातली थोडीच जातात. बाकी ब्रेकच्या ठोकळ्यांत तापवायची की तारेत पाठवायची, एवढाच प्रश्न उरतो. शहरी रेल्वेत असा लांब उतार सहसा नसतो, म्हणून हा हिशेब तुमच्या प्रकल्पात वेगळा ठेवा.

प्रकल्प करणारच असाल तर पुढच्या वेळी मेट्रोत फोनचा त्वरणमापक चालू ठेवा आणि इन्व्हर्टरचा आवाज ध्वनिमुद्रित करा. सूर चढतो तो वेग घेण्याचा काळ, शांतता म्हणजे कोस्टिंग, सूर उतरत येतो तो विजेच्या ब्रेकचा काळ, आणि अगदी शेवटी फलाटावर येणारा फुस्स आवाज हवेच्या ब्रेकचा. एकाच टप्प्याची सकाळी नऊची आणि दुपारी दोनची नोंद शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत शांततेचे सेकंद सारखेच निघाले, तर त्या मार्गावर एटीएस निवांत वेळेचा नमुना वापरत नाही असं समजायला हरकत नाही, आणि मग तिथल्या अभियंत्यांना विचारायचा पहिला प्रश्न तुम्हाला मिळाला.